कधीच न फसणारे संशोधक

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. विद्यापीठाने तरुण वैज्ञानिकांची स्पर्धा दादरच्या आमच्या शाळेत भरवली होती. पहिल्या बक्षिसाला कॉलेजची फी माफ होणार होती. परीक्षक सरकारी अनुदानावर वर्षानुवर्षे संशोधन करणारे गृहस्थ होते. मी मराठीचा मास्तर, म्हणून त्यांच्या मागे फिरायचं काम माझ्याकडे आलं. रस्त्यावर घोषणा सुरू होताच त्यांनी खिडक्या लावायला लावल्या. मग मॉडेलमधला दिवा पेटला की ते मान डोलावत पुढे सरकत.

नायगावच्या एका गिरणी कामगाराच्या मुलीने लाल आणि साध्या काचेखाली मेथी वाढवली होती. फीमाफी मिळाली नाही तर तिचं शिक्षण मॅट्रिकलाच थांबणार होतं.

"फरक पडेल असं वाटलं होतं, सर. पण नाही पडला."

"म्हणजे फसलाच की!" ते हसले. "अगं, इतकी वर्षं सरकारचे पैसे घेतोय, माझा एकही प्रयोग फसलेला नाही."

"मग सर, उत्तर तुम्हांला आधीच माहीत असतं का?"

फीमाफी अर्थातच दुसऱ्याला मिळाली. त्या गृहस्थांना इतक्या वर्षांत कोणी विचारलेला तो पहिला वैज्ञानिक प्रश्न असावा. त्यांनी तो उद्धटपणात जमा केला.