फौजदाराचा झगा

माझ्या हातून एकच गोष्ट अशी लिहून झाली की जिच्याबद्दल लोक अजून रस्त्यात थांबवून बोलतात. ती एका पेन्शनर फौजदाराची गोष्ट. त्याने चोर पकडला ती युक्ती वाचून दापोलीच्या एका वाचकाने संपादकांना लिहिले होते की लेखकाचे डोके खुद्द फौजदाराचेच असावे. ते पत्र मी बरेच दिवस खिशात घालून कचेरीत जात होतो. आता पन्नाशीला आलो, निदान आता तरी हे ओझे उतरवावे म्हणून लिहितो. ती युक्ती माझी नव्हती. आणि फौजदारही मुळात फौजदार नव्हता.

मी रत्नागिरीच्या कोर्टात कारकून. मुंबईच्या एका मासिकासाठी इंग्रजी कादंबरीला मराठी वेष चढवून दरमहा एक प्रकरण पाठवीत असे. मूळ कादंबरीत चोर शोधते ती तारकचेरीत काम करणारी एक तरुण बाई. पोलीस आणि जमीनदार तोंड वासून उभे असतात आणि ती बर्फात उमटलेली पावले वाचून दाखवते. मी तिचा फौजदार केला. संपादकांना कळवले की आपल्या वाचकांना अशी बाई पटणार नाही. खरे कारण वाचक नव्हते. रविवारी दुपारी माझ्या ओसरीवर शेजारचे वकील आणि पेन्शनीत निघालेले एक मास्तर येत, आणि प्रकरण टपालात पडण्याआधी मी त्यांना वाचून दाखवी. बाईने पोलिसाला शहाणपण शिकवलेले ऐकून ते दोघे मला हसतील, एवढीच माझी भीती.

बाईचे झाले, पण रत्नागिरीत बर्फ कुठून आणणार? म्हणून मी चोरी झालेल्या खोलीची जमीन शेणाने सारवून घेतली. मोलकरीण म्हणते, मी खोली सारवली आणि पुढच्या दाराने विहिरीवर गेले. फौजदार पाहतात तर ओल्या सारवणावर तिची पावले मागच्या दाराकडे गेलेली. चोरीला गेलेला पाटल्यांचा डबा मागे केळीच्या आळ्यात सापडतो. वकिलांनी मांडीवर थाप मारली. मास्तर नुसते "वा" म्हणाले.

ते गेल्यावर मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. माझी पत्नी दाराआड तांदूळ निवडत सगळे ऐकत असे. चार यत्ता शिकलेली. मासिक आले की माझ्याआधी तीच वाचून काढी.

"अहो, तुमची मोलकरीण मुंबईची का?"

"का गं?"

"नाही, सारवलेल्यावरनं चालत जाते म्हणून विचारलं. आमच्याकडे बायका मागे मागे सरकत सारवतात आणि तशाच दाराबाहेर निघतात. पाऊल उमटेलच कशाला?"

"मग फौजदारानं काय करावं?"

तिने सूप बाजूला ठेवले, हात पाण्यात बुडवून जमिनीवर अर्धगोल फेर ओढले. प्रत्येक नवा फेर आधीच्याची कड झाकत होता. शेवटचा तेवढा अख्खा राहिला.

"हा अख्खा फेर ज्या दाराशी, त्या दारातनं ती गेली. तोंडानं काही का सांगेना."

जन्मापासून मी असल्या जमिनीवर जेवलो, झोपलो. तो शेवटचा फेर मी कधी पाहिला नव्हता.

मी तिचे बोलणे जसेच्या तसे फौजदारांच्या तोंडी घातले. त्यावरच दापोलीचे ते पत्र आले. तिने प्रकरण वाचले आणि मासिक फळीवर ठेवून दिले. मग एक दिवस कपाट पुसताना तिच्या हाती मूळ पुस्तक लागले. इंग्रजी तिला येत नव्हते, पण पहिल्याच पानावर चित्र होते: बर्फात वाकलेली बाई, आणि मागे टोप्या हातात धरून उभे असलेले पुरुष.

त्या दुपारी मला वाढताना तिने विचारले, "तुमचे फौजदार झगा घालतात होय?"

माझा हात ताटातच राहिला.

"थंडीचा देश असेल," ती म्हणाली. "भात घेणार ना?"

पुढे कित्येक दिवस आमटीत मीठ किती घालायचे तेही फौजदारांना विचारून ठरवू, असे ती म्हणत होती. चेष्टा सोडून बोलली ती एकदाच, गोष्टीचे पुस्तक काढायचे ठरले तेव्हा.

"माझं नाव कुठे नको. पण तिला परत बाई करा. चोर तिनं धरला आणि गोष्टीतनं तिलाच काढलंत."

मी हो म्हणालो, आणि तीन महिने कागदाला हात लावला नाही. मे उजाडला. पावसाळ्यासाठी आगबोटी बंद होण्याआधी हस्तलिखित मुंबईला जायला हवे होते. तेव्हा कुठे चार दिवस बसून मी फौजदाराच्या जागी मुलींच्या शाळेतली एक मास्तरीण आणली. रविवारी ते ओसरीवर वाचले. उन्हासाठी झावळ्यांची झापे लावून घेतली होती, त्यामुळे अंगण दिसत नव्हते.

"बिघडवलीत," वकील म्हणाले. "मास्तरणीला हे सुचेल? याला पुरुषाची नजर लागते."

"फौजदारच बरे होते," मास्तर म्हणाले.

आणि मी, हे लिहितानाही मान खाली जाते, "बघतो परत" म्हणून पेन्सिल हातात घेतली.

दोघे उठले. झाप सरकवले तो अंगण ओले, नुकते सारवलेले. आतून पत्नीचा आवाज आला, "थोडं बसावं लागेल. कोकमं वाळत घालायचीत म्हणून सारवलं. तोवर वकीलभावोजींनी सांगावं, सारवणारी कुठून गेली?"

वकिलांनी अंगणावर नजर फिरवली. "फाटकातून. आणखी कुठून जाणार?"

मास्तरांनी चष्मा चढवला. बराच वेळ वाकून पाहिले, मग काठीचे टोक ओसरीच्या कडेला, मागीलदारी जाणाऱ्या वाटेशी नेले. तिथे एक फेर अख्खा होता.

"आपल्या नाकाखालून गेली की हो," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तुम्हाला हे मुळात सुचलं कसं?"

"मला नाही सुचलं. घरातून सुचलं."

"घरातून म्हणजे कोणाला?" आतून प्रश्न आला. "कौलांना?"

"हिला," मी म्हणालो. "सगळं हिला सुचलं. मी नुसतं फौजदारांच्या तोंडी घातलं."

कोणी हसले नाही. मास्तरांनी माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली आणि आपल्या खिशात ठेवली. वकील चपला हातात घेऊन उभेच होते.

"वहिनी, मग आता आम्ही जावं कुठून?"

"मागल्या दारानं," ती म्हणाली. "तुमचे फौजदार तिकडूनच गेले."

सोमवारच्या आगबोटीने हस्तलिखित गेले, ते मास्तरणीसकट. दापोलीच्या वाचकाला मात्र मी अजून उत्तर लिहिलेले नाही.