अक्काचं मूल, महादेवीचं पोट

हे मी लिहावं की नाही, हेच मला नीट ठरवता आलेलं नाही. विषय बायकांचा, मी वीस वर्षांचा, लग्न न झालेला. गावाकडचं कुणी वाचलं तर म्हणेल, पुण्याला जाऊन हेच शिकला का? त्यांची आधीच माफी मागतो. पण आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे हे सगळं समजून घेण्याचं काम माझ्याकडे आलं. मग ते सांगण्याचंही माझ्याकडेच असावं.

मी मादन हिप्परगा सोडलं त्या सकाळी आळंदच्या स्टँडवर सगळे आले होते. अप्पा एवढंच म्हणाले, "मन लावून शीक. घरचं बघू आम्ही." गाडी लागल्यावर थोरली अक्का, शांता, खिडकीपाशी आली. लोक आजूबाजूला असल्याने ती अगदी हळू बोलली. "पुण्यात मोठे दवाखाने हायत म्हणं. दुसरीच्या पोटात आपलं लेकरू वाढवत्यात, त्येचं इचारशील का रं?" मी मान हलवली. तिचं मूल जन्मताच गेलं होतं आणि रक्त थांबेना म्हणून कलबुर्गीच्या दवाखान्यात तिची गर्भपिशवी काढली होती. तेव्हापासून तिची सासू नव्या सुनेसाठी स्थळं बघत होती. अक्काचे मालक तोंडाने नाही म्हणायचे, पण आईला थांबवायचेही नाहीत.

पुण्यात आल्यावर मी नवे शब्द शिकलो. हॉस्टेल, मेस, इंटर्नल, सबमिशन. आणि सरोगसी. हा शब्द मी कुणासमोर मोठ्याने उच्चारला नाही. एका एजंटाच्या काचेच्या ऑफिसात भीत भीत गेलो, तर त्याने परदेशाची चित्रं दाखवली. तिकडची बाई, तिकडचा दवाखाना, आपण फक्त बाळ घेऊन यायचं. मी विचारलं, तिकडचा नियम मध्येच बदलला तर? बाळाचा पासपोर्ट झाला नाही तर? तो हसून म्हणाला, "अरे, आधीच निगेटिव्ह का बोलतोस?" आमचं सगळं रान विकलं असतं तरी त्याचं भागलं नसतं. आणि परक्या देशात बाळ अडकलं असतं तर आमच्या घरातल्या कुणाला तिथल्या कचेरीत तोंड उघडता आलं असतं?

आपल्याकडचा कायदा वेगळा. पैसे देऊन कुणाला तयार करता येत नाही. लग्न झालेल्या, स्वतःचं मूल असलेल्या बाईने मायेपोटी हो म्हणायचं, तेही आयुष्यात एकदाच. तिला दवाखान्याचा खर्च आणि विमा, बाकी काही नाही. जिल्ह्याचा दाखला, कोर्टाचा हुकूम, हे वेगळंच. खर्च झेपणारा होता, पण अशी बाई आणायची कुठून?

माझी दुसरी बहीण महादेवी आळंदला दिलेली आहे. तिलाही मी अक्काच म्हणतो, इथे गोंधळ नको म्हणून नावाने लिहितो. तिला एक मुलगी. ती स्वतःहून म्हणाली, मी हाय की. तिचं पहिलं बाळंतपण सिझरचं, त्यामुळे डॉक्टरांनी धोका समजावून सांगितला. महादेवीचे मालक, म्हणजे दाजी, भडकले. "तुझ्या बहिणीचं रान पडीक, म्हणून माझं नांगरायला देऊ व्हय?"

महादेवी म्हणाली, "पोर तिचं, तिच्या मालकाचं. पोट माझं. तुमी मधी कामून ओरडायलाव?"

दाजी चार दिवस जेवायला घरी आले नाहीत. पाचव्या दिवशी येऊन सही द्यायला तयार झाले.

मी एजंटाचं सांगितल्यापासून अक्काला मात्र परदेशच हवा होता. मला फोनवर म्हणाली, "महादेवीला काय झालं तर तिच्या पोरीला मी काय सांगू? तिकडच्या बाईला निदान मी वळखत तरी न्हाई." हे बोलून ती स्वतःच घाबरली. "तसं न्हाई रं, ती बी कुणाची तरी बहीणच," म्हणाली आणि रडायला लागली. शेवटी मीच म्हणालो, इथेच करू. तेव्हापासून मला नीट झोप नाही. एका बहिणीला मूल मिळावं म्हणून मी दुसरीचा जीव पणाला लावला होता.

अक्काचा आणि तिच्या मालकांचा गर्भ डॉक्टरांनी महादेवीच्या पोटात ठेवला, आणि तो राहिला. आता गावाला काय सांगायचं? आईने आमच्याच रीतीचा आधार घेतला. आमच्याकडे निपुत्रिक बहिणीच्या ओटीत दुसरीने आपलं मूल घालणं नवं नाही. आईने सगळीकडे तसंच सांगितलं, महादेवीचं दुसरं लेकरू अक्काला द्यायचंय. लोकांना पटलं, कुणी वाकडं बोललं नाही. आम्हाला वाटलं, सुटलो.

सातव्या महिन्यात माहेरी कुबसा केला, म्हणजे चोळी देऊन ओटी भरणं. माझी परीक्षा होती. दुपारी फोन लावला तर आईने उचलला नाही, अक्काचा बंद. धाकट्या चुलतभावाने एवढंच सांगितलं, की ओटी भरायला अक्का पुढे झाली तेव्हा आमच्या काकूने तिला अडवलं. "शांते, तू मागं थांब. ह्ये लेकुरवाळीचं काम." अक्का बाहेर निघून गेली, कुठे ते कुणालाच माहीत नाही. गावाने आमचंच खोटं खरं मानलं होतं. तिचंच मूल, आणि त्याच्यासाठी ओटी भरायला तिलाच बंदी.

हॉस्टेलच्या जिन्यात बसून मी फोन लावत राहिलो. आमच्या शेतातली विहीर सारखी डोळ्यांसमोर येत होती. पुण्यात मला घर म्हणजे आमच्या भिंतींची पांढरी माती आठवायची, तुरीची रानं आठवायची. त्या दुपारी कळलं, घर म्हणजे पलीकडे कुणीतरी फोन उचलणं.

संध्याकाळी आईचा आला. अक्का सापडली होती, गोठ्यामागे बसलेली. तिला शोधायला महादेवी हळद लावलेल्या अंगाने, पोट सावरत, पाटावरून उठून गेली होती. हाताला धरून तिला आत आणलं आणि सगळ्या बायकांसमोर बोलली, "लेकरू हिचं हाय. डॉक्टरनं हिचंच माझ्यात ठिवलंय. मी नुसती सांभाळायलेय. भरायची तर आधी हिची ओटी भरा."

"मग?" मी विचारलं.

आईने पुढचं सांगितलं. काकू कमरेवर हात ठेवून आईवरच ओरडली, "मग आधी सांगायला काय झालतं गं तुला? आणा अजून एक पाट!"