दिवाळीतली रोवणी

सडक अर्जुनीच्या हायवेवरच्या टपरीत आमचे खपाचे कादंबरीकार रोज माझ्या शेजारी बसतात. आधी टेबलावर स्वतःचं पुस्तक, मुखपृष्ठ वर करून, मग चहा. लिहितात धानाच्या शेतांवर, पण त्यांच्या बुटाला चिखल लागलेला मी पाहिला नाही.

गाजलेल्या कादंबरीत त्यांची नायिका दिवाळीच्या दिवशी धानाची रोपं लावत रोवणी करते. त्यांच्याच शेतात राबणाऱ्या मावशींनी ती नातीकडून वाचून घेतली आणि टपरीवर येऊन विचारलं, "दिवाळीत तं धान कापाले येते जी भाऊ. तुमची पोरगी काऊन रोवणी करून रायली?"

त्यांनी गंभीरपणे वहीत टिपून घेतलं. "सुधारतो, मावशी."

माणूस शब्दाचा पक्का. नव्या आवृत्तीत रोवणी आषाढात गेली आहे. दिवाळीही.