बर्फातलं बाळंतपण: पोरिरुआ ते ट्वायझल

पुण्यात आई घसरून पडली, तिचं मनगट मोडलं आणि न्यूझीलंडला यायचं तिचं तिकीट रद्द करावं लागलं. इकडे माझी धाकटी बहीण अनघा हिचे दिवस भरत आले होते. अनघा आणि तिचा नवरा समीर दक्षिण बेटावर ट्वायझल नावाच्या छोट्या गावात राहतात. समीर तिथे धरणांवरच्या वीजकेंद्रात इंजिनिअर आहे. मी उत्तर बेटाच्या खालच्या टोकाला, वेलिंग्टनजवळ पोरिरुआत. माझ्या बायकोने, मृणालने, नुकतीच नवी नोकरी धरली होती, तिला रजा मिळणं शक्य नव्हतं.

"मग तू जा की," ती म्हणाली.

"मी? बाळंतपणाला?"

"वरणभात येतो, भांडी घासता येतात, गाडी चालवता येते. अजून काय लागतं?"

आमच्या घराण्यात हे काम कुठल्या पुरुषाने केल्याचं ऐकिवात नव्हतं. पण २०१५च्या जून महिन्यात, म्हणजे इकडच्या भर हिवाळ्यात, बाळ जन्मल्याचा फोन आल्यावर, मी रजेचा अर्ज टाकला आणि निघालो. मृणालने केलेल्या डिंकाच्या लाडवांचा डबा, आळीव, बाळंतशेपा, ओवा आणि आईने फोनवर सांगितलेल्या सूचना एवढं सामान होतं. शिवाय थर्मल कपडे, कारण ट्वायझलचा हिवाळा म्हणजे आपल्या वेलिंग्टनचा वारा नव्हे, हे समीरने बजावलं होतं.

गाडी फेरीबोटीत घालून वेलिंग्टनहून पिक्टनला जायला साडेतीन तास लागतात. हिवाळ्यात तिकीट बरंच स्वस्त मिळतं, फक्त आधी बुक करा आणि बोट लागत असेल तर निघायच्या आधी पोटभर खाऊ नका. मी खाल्लं होतं. पिक्टनपासून समुद्राच्या कडेकडेने कैकौरा, तिथे रस्त्यालगतच्या खडकांवर सील पसरलेले. एरवी तासभर थांबलो असतो, पण दिवस लहान असतो आणि अंधारात ओल्या रस्त्यावर गाडी हाकायची नव्हती. क्राइस्टचर्चला साध्या मोटेलमध्ये मुक्काम केला.

दुसऱ्या दिवशी जेराल्डिनवरून फेअरलीला पोचलो. डोंगरात शिरण्याआधीचं हे सोयीचं गाव. पेट्रोल इथेच पूर्ण भरा. पंपावर मी बर्फात टायरवर चढवायच्या साखळ्या भाड्याने घेतल्या. काउंटरवरच्या बाईंनी त्या कशा चढवायच्या ते दाखवलं आणि विचारलं, "कुठवर जाणार?"

"ट्वायझल. बहिणीला बाळ झालंय."

"मग आज पोच, लव्ह. उद्या हीप्स ऑफ स्नो येणार आहे."

बर्क्स पासचा घाट ओलांडला की झाडं संपतात. पिवळट गवताचं मोठं पठार, पलीकडे पांढरे डोंगर, मधे टेकापोचं निळं तळं. त्या दिवशी आभाळ इतकं खाली आलं होतं की डोंगर कमरेपर्यंतच दिसत होते. साखळ्या लावायची वेळ न येता मी उजेडातच ट्वायझलला पोचलो.

धरणांची कामं चालू असताना कामगारांसाठी लाकडी घरं बांधली होती, त्यातलंच एक यांनी भाड्याने घेतलेलं. भिंती पातळ, जमिनीखाली पोकळी, बैठकीच्या खोलीत लाकडं जाळायचा लोखंडी लॉग बर्नर. अनघा दारात आली ती अंगावर दोन स्वेटर आणि कुशीत गाठोडं घेऊन. गाठोड्यात माझी भाची होती. मी तिला घेतलं. तिचं वजन मला कळलंच नाही, नुसती ऊब कळली.

रात्री जेवताना अनघा म्हणाली, "दादा, आम्ही इथून निघायच्या विचारात आहोत. समीरने ऑकलंडला अर्ज केलाय. तिथल्या माउंट वेलिंग्टन भागात ऑफिस आहे त्यांचं."

"का गं?"

"इथे माझं कोण आहे? हा ड्यूटीवर गेला की चार भिंती आणि मी. आता तर बाळ आहे."

समीर पहाटेचा गजर लावत होता. बर्फाच्या अंदाजामुळे त्याला दुसऱ्या दिवशी पहाटे कामावर बोलावलं होतं. तो संध्याकाळपर्यंत परत येणार होता.

तो आला नाही. सकाळी मी पडदा सरकवला तर अंगण, कुंपण, माझी गाडी, सगळं एकाच पांढऱ्या रंगात बुडालेलं, आणि बर्फ पडतच होता. दुपारी वीज गेली. समीरचा फोन आला, रस्ता बंद केलाय, तो केंद्रातच अडकलाय. "सगळ्यांनी एकाच खोलीत राहा. बर्नर विझू देऊ नका," तो म्हणाला. त्यानंतर मोबाइलचं नेटवर्कही गेलं. आईच्या सूचना बंद झाल्या. घरात अनघा, मी आणि बाळ.

आम्ही गाद्या बैठकीच्या खोलीत आणल्या. खिडक्यांवर रजया टांगल्या, दाराखालच्या फटीत टॉवेल गुंडाळून लावले. बर्नरच्या डोक्यावर कुकर ठेवून मुगाची खिचडी केली. तिला पहिली शिट्टी यायला इतका वेळ लागला की ती आली तेव्हा आम्ही दोघं एकदम हसलो. तोपर्यंत मला हे सगळं सहलीसारखंच वाटत होतं.

त्या रात्री आभाळ मोकळं झालं आणि खरी थंडी पडली. सकाळी खिडकीच्या काचेवर आतल्या बाजूने बर्फ जमला होता. नळ उघडला तर थेंब नाही. जमिनीखालचे पाइप गोठले होते. मी बादलीभर बर्फ आणून बर्नरवर वितळवला. त्यातून निघालं ते जेमतेम दोन तांबे पाणी. संडासात ओतायला वेगळी बादली, उकळून प्यायला वेगळं पातेलं, असा माझा उद्योग सुरू झाला. बाहेरच्या लाकडांवरची ताडपत्री वाऱ्याने उडाली होती, वरची लाकडं बर्फाने चिकटून बसली होती. आत आणलेली ओली लाकडं नुसती सूंसूं करत धुमसत होती. खोली हळूहळू गार पडायला लागली.

तेवढ्यात अनघा म्हणाली, "दादा, ही दूध ओढत नाहीये."

तिचा आवाज अगदी शांत होता, म्हणूनच मी घाबरलो. बाळ झोपाळलेलं होतं. तळवे गार, गालावर टिचकी मारूनही डोळे उघडेना. अनघाने तिला किती वेळा पाजायचा प्रयत्न केला होता, ते मला बर्फ वितळवण्याच्या नादात कळलंच नव्हतं.

"मिडवाइफला विचारायला हवं," ती म्हणाली. "मार्गारेटकडे जुना वायरवाला फोन आहे. तो विजेशिवाय चालतो. तू जा. मिडवाइफचा नंबर फ्रिजवर आहे."

मार्गारेट म्हणजे पलीकडच्या घरातल्या म्हाताऱ्या बाई. एकट्या राहायच्या. अनघाची आणि त्यांची ओळख कुंपणावरून हात हलवण्याइतकीच. मी नंबर खिशात घालून निघालो. अंतर दोन घरांमधलंच, पण बर्फ गुडघ्याच्या वर. प्रत्येक पाऊल उपसून काढावं लागत होतं.

दार वाजवलं. बऱ्याच वेळाने मार्गारेटबाईंनी उघडलं. ओव्हरकोट, टोपी, हातमोजे, सगळं घालून त्या घरात बसल्या होत्या. त्यांच्याकडे खोली तापवायला हीट पंप होता, आणि तो विजेवर चालणारा. घर आतून बाहेरच्याइतकंच गार होतं. मी कसंबसं सांगितलं. त्यांनी काही न विचारता फोनकडे बोट दाखवलं.

मिडवाइफ लगेच फोनवर आली. बाळाचा रंग कसा आहे, श्वास कसा आहे, हे तिने विचारलं. मग म्हणाली, "बाळाचे कपडे काढून, फक्त नॅपी आणि टोपी ठेवून, आईच्या उघड्या छातीशी ठेवा. दोघींवर पांघरूण, बाळाचं तोंड मोकळं. खोली गरम करा. थोड्या वेळाने पुन्हा पाजायचा प्रयत्न करू दे. तासाभरात प्यायली नाही किंवा आणखी मंद वाटली, तर मला फोन कर. मी मेडिकल सेंटरच्या माणसांना घेऊन येते, रस्ता उकरावा लागला तरी."

मी फोन ठेवला. मार्गारेटबाईंनी विचारलं, "खोली गरम करायला लाकडं आहेत?"

"ओली आहेत."

"मागच्या शेडमध्ये माझी आहेत. हीट पंप बसवल्यापासून पडून आहेत. हाडासारखी सुकली असतील."

"मग तुम्हीही चला," मी म्हणालो.

"मी ठीक आहे."

"अनघा एकटी आहे. मला बाळातलं काही कळत नाही."

हे खरंच होतं. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि बूट घालायला बसल्या.

मी त्यांना हाताला धरून माझ्याच पावलांच्या खड्ड्यांतून आणलं. निरोप ऐकून अनघाने लगेच बाळाला छातीशी घेतलं, वरून मृणालने पाठवलेली गोधडी. मार्गारेटबाई त्यांच्यापाशी बसल्या. आता लाकडं आणायची होती. हातात एका वेळी किती मावणार? मी बाळाचा प्लास्टिकचा आंघोळीचा टब उचलला, त्याच्या कडेला दोरी बांधली आणि बर्फावरून ओढत नेला. टब मस्त घसरत होता. लाकडांनी भरून आणला, रिकामा केला, परत गेलो. सुक्या लाकडांनी बर्नर असा पेटला की लोखंड कडकडायला लागलं.

तिसऱ्या खेपेला मी आत आलो तेव्हा कोणी बोलत नव्हतं. मला वाटलं, संपलं सगळं. मग अनघाने मान वर केली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "पितेय," ती म्हणाली. "दार लाव, दादा. ऊब जातेय."

मी दार लावलं आणि तिथेच, लाकडांशेजारी, बसून घेतलं. नंतर मी पुन्हा मार्गारेटबाईंच्या घरी जाऊन मिडवाइफला कळवलं, वीजकेंद्राच्या फोनवर समीरलाही. तो एवढंच म्हणाला, "मी येतो."

मार्गारेटबाई आमच्याकडेच राहिल्या. त्यांना डिंकाचा लाडू दिला, तर म्हणाल्या, "हे बाळंतिणीसाठी आहे ना?" अनघा म्हणाली, "आज तुमच्यासाठीपण." त्यांनी तो चहात बुडवून खाल्ला. बोलता बोलता कळलं की त्याही तरुणपणी नवऱ्यामागे इंग्लंडहून या गावात आल्या होत्या, धरणांची कामं चालू असताना. पहिल्या हिवाळ्यात रोज सामान बांधायच्या.

"मग राहिलात कशा?" अनघाने विचारलं.

"शेजारणीने दार वाजवलं," त्या म्हणाल्या. "तुझं दार मी आधीच वाजवायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. गरम पाण्यात पिळलेले टॉवेल घेऊन मी घराखाली सरपटत गेलो. पाइप गोठले तर उकळतं पाणी ओतू नका, फुटतात. नळ उघडा ठेवा, नळाच्या बाजूने सुरुवात करा आणि मागे मागे जा. दुपारी नळ खोकला, थुंकला आणि वाहू लागला. पाठोपाठ वॉशिंग मशीनमागचा सांधाही वाहू लागला. मग पाण्याचा मुख्य कॉक, ज्याला इथे टोबी म्हणतात, तो शोधायला मी अंगणात फावड्याने खड्डे खणत सुटलो. खिडकीतून दोघी बायका हाताने डावीकडे, उजवीकडे सांगत होत्या. शेवटी तो सापडला, पाणी बंद केलं आणि सांधा आवळला. कुठेही हिवाळ्यात घर घेऊन राहणार असाल, तर पहिल्याच दिवशी टोबी कुठे आहे ते बघून ठेवा.

संध्याकाळी बर्फ सारणाऱ्या ग्रेडरच्या मागोमाग समीर आला. बूट न काढताच आत शिरला, बाळाजवळ गेला आणि हात गार आहेत हे लक्षात येऊन ते बर्नरसमोर धरून उभा राहिला. हात गरम होईपर्यंत तो नुसता तिच्याकडे बघत होता. वीज दुसऱ्या दिवशी आली. पाठोपाठ आईचा व्हिडिओ कॉल. आम्ही तिला सगळं सांगितलं नाही, पण तिला कळलं असावं. प्लास्टरमधला हात पोटाशी धरून ती बाळाला बघायला पडद्याजवळ वाकली. मग म्हणाली, "टोपडं नीट बांध रे."

मी आणखी आठवडाभर राहिलो. स्वयंपाक, धुणं, बाळाला उन्हात घेऊन बसणं, सगळं केलं. मिडवाइफ येऊन बाळाचं वजन बघून गेली आणि समाधानाने मान हलवून गेली. मार्गारेटबाई रोज अकराच्या सुमाराला यायच्या, दार वाजवून, उत्तराची वाट न बघता आत.

परतीचा प्रवास स्वच्छ उन्हात झाला. टेकापोला थांबून फोटो काढले, कैकौराला सील बघितले, फेरीत काही खाल्लं नाही. घरी पोचलो तेव्हा माझ्या स्वेटरला अजून धुराचा वास होता. आमची आठ वर्षांची ईरा त्याला नाक लावून म्हणाली, "बाबा, यू स्मेल लाइक कॅम्पिंग." मृणालने पानं घेतली.

ही सहल कोणाला सुचवावी अशी नाही. पण या देशात इतकी वर्षं राहून मी कोणाचं दार मदतीसाठी वाजवलं नव्हतं, आणि माझी बहीण घाबरलेली असताना किती शांत राहू शकते तेही मला माहीत नव्हतं. दोन्ही गोष्टी त्या बर्फात कळल्या.

जेवण झाल्यावर पोचल्याचं सांगायला अनघाला फोन केला. बाळ झोपलं होतं, त्यामुळे ती कुजबुजत बोलत होती.

"पाणी येतंय ना?"

"येतंय. आता जानेवारीत या सगळे. इथलं तळं बघितलंच नाहीस तू. ईराला म्हणावं, पोहायचे टॉग्ज आण."

"जानेवारीत तुम्ही तिथेच असणार आहात का पण?"

"समीर इंटरव्ह्यू देणार आहे अजून. बघू. पण मार्गारेट म्हणाली, लाकूड आत्ता घेतलं तर पुढच्या हिवाळ्यापर्यंत सुकतं. म्हणून एक ट्रक मागवलाय. दोन्ही घरांचा मिळून."