मसाफीच्या डोंगरात अबोला आणि पहार

शुक्रवारी पहाटे आम्ही शारजाहून निघालो तेव्हा सुहास आणि माझ्यात दोन-तीन दिवसांचा अबोला होता. नव्वदच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. पावसाने वाहून गेलेली डोंगरातली एक पायवाट सुट्टीच्या दिवशी जाऊन दुरुस्त करायची, अशी टूम सुहासच्या ऑफिसातल्या चेरियनने काढली होती. आम्ही नावं दिली ती भांडणाच्या आधी. आता माघार घेणारा हरला असता, म्हणून दोघंही निमूट गाडीत बसलो.

भांडण साधं नव्हतं. मला नुकतीच शाळेत नोकरी लागली होती आणि सुहासने पुण्याला त्याच्या मोठ्या भावाला, दादांना, फोनवर सांगून टाकलं होतं की आम्ही मे महिन्यात कायमचे परत येतोय. मला हे कळलं जाऊबाईंकडून. तुमच्यासाठी गॅसला नंबर लावून ठेवू का, असं त्यांनी प्रेमाने विचारलं.

धैदपर्यंत रस्ता सरळसोट, दोन्हीकडे वाळू. आमचा सगळा पत्रव्यवहार मागे बसलेल्या दहा वर्षांच्या मुग्धामार्फत चालला होता. "बाबांना सांग, पुढे उंट आहेत, हळू घे," मी म्हटलं. "ही कॅन हिअर यू, ममा," ती कंटाळून म्हणाली आणि डोळे मिटून पडली. मसाफीला रस्त्याकडेच्या बाजारात गालिचे आणि फळं मांडलेली. तिथे चहा-पराठा जरूर घ्या. "चहा एक दिरहम, म्हणजे दहा रुपये," असं सुहास मोठ्याने म्हणाला. कोणालाच उद्देशून नव्हतं ते. दिरहमाचे रुपये करायची त्याची सवय अबोल्यालाही जुमानत नसे.

डोंगराच्या पायथ्याशी चेरियनने जमलेल्या सगळ्यांना कुदळी, पहारी आणि घमेली वाटली. पाऊस इथे वर्षातून दोन-चारदाच पडतो, पण पडला की वाटेवरून धावतो आणि वाट खणून नेतो. म्हणून वाटेत आडवी, तिरकी अशी दगडांची ओळ बसवायची, की पाणी दरीच्या बाजूला उतरेल. मग त्याने जोड्या लावल्या. नवरा-बायको एकत्र, कारण घरच्या माणसांत समजूत चांगली असते.

मोठा दगड दोघांनी एकदम उचलायचा तर कोणीतरी एक-दोन-तीन म्हणायला हवं. थोडा वेळ ते मुग्धाने केलं, मग ती बकऱ्या बघायला पळाली. मी चेरियनला हाक मारून सांगितलं की यांना म्हणावं, दगड थोडा खाली घ्या. सुहास माझ्या कोपरापाशीच उभा. चेरियनने इमानदारीत दोन-तीनदा निरोप पोचवले, मग घाम पुसत म्हणाला, "मॅडम, ये हिंदी समझता है."

ओळ पुरी झाली आणि माझ्या लक्षात आलं की ती उलटी तिरकी बसली आहे. मला राहवेना.

"पाणी दरीकडे नाही जाणार. परत वाटेवरच येणार."

"नाही येणार."

"सुहास, लावण्याआधी विचारायचं तरी. दगड लावण्याआधी, आणि दादांना फोन करण्याआधीसुद्धा."

आजूबाजूच्या कुदळी थांबल्या. मराठी कोणालाच येत नव्हतं, पण भांडण सगळ्यांना समजत होतं. पुणं, शाळा, मे महिना असं सगळं त्या डोंगरात मोठ्याने निघालं. मग सुहास एकदम दगडावर बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "कंपनीत माणसं कमी करतायत. त्यांनी जा म्हणायच्या आत आपणच निघालो असतो तर बरं दिसलं असतं."

हे त्याने घरी सांगितलंच नव्हतं. माझा राग तिथेच लटकला, धड उतरेना की चढेना.

चेरियनला वाटलं, वाद दगडांचाच आहे. त्याने तोडगा म्हणून पाण्याचा मोठा कॅन आणून वाटेवर ओतला. पाणी ओळीपाशी थबकलं, डोंगराच्या बाजूला साचलं, मग सावकाश ओळ ओलांडून वाटेने खाली गेलं, थेट खाली अंथरलेल्या सगळ्यांच्या जेवणाच्या चटईवर. बिर्याणीचा डबा थोडक्यात वाचला. चपात्या नाही वाचल्या. "खलास," चेरियन एवढंच म्हणाला.

मला हसू आवरेना. सुहासही हसला, आधी कसनुसं, मग खरोखर. जेवण झाल्यावर आम्ही सगळी ओळ उपटून पुन्हा लावली. एक-दोन-तीन मीच म्हणत होते. मधल्या वेळात ठरलं की जूनअखेर माझ्या शाळेचं वर्ष पुरं होऊ द्यायचं. कंपनीने काढलं तर दुसरी नोकरी शोधायची. मगच पुण्याचं बघू.

तुम्ही गेलात तर थंडीतच जा, हातमोजे न्या, आणि प्यायचं पाणी चेरियनसारख्या माणसापासून लांब ठेवा.

परतताना शारजाच्या तोंडाशी नेहमीची गाड्यांची रांग लागली. अल मजाज भागातल्या आमच्या घरी पोचल्यावर सुहासने बूट काढायच्या आधी पुण्याला फोन लावला. "दादा, आमचं अजून ठरलं नाहीये," तो म्हणाला. पलीकडून बराच वेळ काहीतरी चाललं होतं. तो नुसता हं हं करत राहिला, पण वाक्य बदललं नाही.

वाट पुढे किती पावसाळे टिकली, मला माहीत नाही. आमच्या पाठी मात्र आठवडाभर धरल्या होत्या. दुसऱ्याच्या पाठीला बाम लावायचा तर गप्प राहून जमत नाही.