दहा वाजताची लाईन क्लिअर

परभणीच्या आमच्या बियाणे कंपनीच्या ऑफिसात पूर्वी माणशी पाच-सहा पासवर्ड असायचे. हजेरीचा वेगळा, गोदामातल्या मालाचा वेगळा, रजेचा वेगळा, गेटपासचा वेगळा. ते गुप्त ठेवायचे असतात हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. शेजारच्या टेबलावर झरी गावची एक मुलगी बसते. ती भर ऑफिसात ओरडून विचारायची, "ताई, तुमचा मालाचा पासवर्ड काय हो?" आणि मी मान वर न करता सांगायची. कुणाच्या पासवर्डात लेकीचं नाव, कुणाच्यात म्हशीचं. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

मग हेड ऑफिसनं फर्मान काढलं की सगळ्या कामांना मिळून एकच लॉगिन. एकदा आत गेलं की सगळी दारं उघडी. फक्त रोज सकाळी कॉम्प्युटरवर एक दोन आकडी नंबर येणार, तो आपल्या मोबाइलवर टाकायचा, म्हणजे आपण आपणच आहोत हे सिद्ध झालं. माझं घोडं इथंच अडलं. मी पूर्णेहून परभणीला रेल्वेनं अप-डाऊन करायची. एक चांगला फोन गर्दीत मारला गेला, तेव्हापासून जवळ बटणाचा डबडा फोन ठेवायची आणि मोठा मोबाइल घरी अण्णांपाशी. अण्णा म्हणजे माझे वडील. लग्न मी केलं नाही, का ते कुणी विचारू नये. आई गेल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो होतो.

आई गेली आणि अण्णांनी अंथरूण धरलं. आजार काही नव्हता. जन्मभर स्टेशन मास्तरकी केलेला माणूस, ज्याच्या घड्याळावर गल्ली आपलं घड्याळ लावायची, तो दुपार झाली तरी अंघोळीला उठेना. झाकून ठेवलेलं जेवण संध्याकाळी तसंच सापडायचं. मी तापट. "अण्णा, असं काय करायलाव तुमी?" म्हणून करवादायची. ते भिंतीकडं तोंड करून म्हणायचे, "मग काय करू?" हा माणूस असाच पडल्या पडल्या संपून जाईल, अशी मला धास्ती बसली होती.

नव्या लॉगिनच्या पहिल्या सकाळी मी ऑफिसातून घरी फोन लावला. म्हटलं, "अण्णा, मोबाइलवर एक नंबर विचारायलाय बघा. सत्तेचाळीस टाका."

पलीकडून कितीतरी दिवसांत न ऐकलेला, नोकरीतला आवाज आला. "परत सांग."

"सत्तेचाळीस."

"चार-सात, सत्तेचाळीस?"

"हो."

"लाईन क्लिअर."

रेल्वेत तशी पद्धत होती. गाडी सोडण्याआधी दोन स्टेशनांचे मास्तर फोनवर बोलायचे, एकानं दोन आकडी नंबर सांगायचा, दुसऱ्यानं तो आकडा-आकडा फोडून परत म्हणून दाखवायचा, मग गाडी हलायची. अण्णांनी हजारो गाड्या अशा काढल्या होत्या. आता त्यांच्या हाती एकच गाडी आली होती, ती म्हणजे मी.

दुसऱ्या दिवशी मी फोन लावायच्या आधीच ते तयार होते. हळूहळू मला कळत गेलं की दहाच्या आत अंघोळ होते, इस्त्रीचा शर्ट चढतो, मनगटावर घड्याळ येतं आणि खिडकीजवळच्या खुर्चीत ते मोबाइल मांडीवर घेऊन बसतात. एकदा उठून बसलेला माणूस मग परत कशाला झोपतोय? जेवू लागले, बाजारातून भाजी आणू लागले, भाजीवाल्याशी भांडूही लागले. रविवारी मात्र त्यांना करमायचं नाही. 'या कॉम्प्युटरवर पुन्हा विचारू नका' असा एक चौकोन पडद्यावर रोज दिसायचा. त्यावर टिचकी मारली असती तर रोजची कटकट मिटली असती. मी कधी मारली नाही.

एकदा माझी गाडी परभणीच्या अलीकडं सिग्नलला अडकली. इकडं पाथरीला जाणारा बियाण्याचा ट्रक भरून उभा, आणि गेटपास माझ्याच लॉगिनमधून निघायचा. झरीच्या मुलीनं मला फोन केला, मी जुन्या सवयीनं पासवर्ड सांगून टाकला आणि तेवढ्यात रेंज गेली. तिनं पासवर्ड टाकला, नंबर आला, तिनं अण्णांना फोन लावला.

"अण्णा, बावन्न टाका."

"तुमी कोण?"

"ताईच्या ऑफिसातली."

"मग तिला बोलू द्या. तिच्या आवाजाशिवाय लाईन मिळणार न्हाई." आणि त्यांनी मोबाइलवरचं 'हा मी नाही' हे बटण दाबलं. तिनं पुन्हा प्रयत्न केला, त्यांनी पुन्हा दाबलं. शेवटी माझं खातंच बंद पडलं आणि कुणीतरी चोरी करतंय म्हणून हेड ऑफिसात बोंब झाली. मी पोचले तेव्हा ट्रक लिंबाखाली उभा, ड्रायव्हर झोपलेला, आणि साहेबांचा पारा चढलेला. "तुमचं लॉगिन तुमचे वडील चालवतात?" त्यांनी विचारलं. त्यांचं काही चुकलं नव्हतं. मोबाइल ज्याचा त्यानं स्वतःजवळच ठेवायचा, असा हुकूम झाला. झरीची मुलगी मला हळूच म्हणाली, "ताई, तुमचे अण्णा लय कडक हायत."

त्या संध्याकाळी मी अण्णांना सांगणार होते, पण जीभ रेटेना. दोन दिवस तसेच काढले. मग साहेबांनी पुन्हा टोकलं, तेव्हा जेवताना सांगून टाकलं. ते हात धुऊन आले, मोबाइल पंच्यानं नीट पुसला आणि माझ्या हातात दिला. "घे ताब्यात," म्हणाले. मग खाटेच्या कडेला बसले. "आता दहाला मी काय करू?"

मऊ बोलणं मला जमत नाही. बटणाचा फोन त्यांच्यापुढं आपटत मी म्हणाले, "काय करू म्हंजे? मी आकडा चुकले तर कोण बघणार? मी सांगंन, तुमी परत म्हणून दाखवायचं. त्याशिवाय मी टाकणार न्हाई."

त्यांनी तो उचलून दोन-चार बटणं दाबून बघितली. "तेवढं करता येईल," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच रिंगला त्यांनी फोन उचलला. आकडा त्याच मोबाइलवर टाकायचा, म्हणून मी तो स्पीकरवर ठेवायची आणि अण्णांचं 'लाईन क्लिअर' शेजारच्या टेबलापर्यंत ऐकू जायचं. त्यानंतर ते होते तोवर एकही कामाची सकाळ चुकली नाही. गेले त्या दिवशीही शर्ट, घड्याळ, सगळं अंगावर होतं. दहाची ड्यूटी करून गेले.

अण्णांचं दिवसकार्य झाल्यावर मी ऑफिसात परतले. कॉम्प्युटर लावला. नंबर आला. मी सवयीनं मोठ्यानं म्हणाले, "अडुसष्ट." नंबर टाकायला हात होईना. मिनिटभरात तो नंबर गेला, दुसरा आला.

"एकतीस," मी म्हणाले.

शेजारच्या टेबलावरून, कीबोर्डवरची नजर न काढता, झरीची मुलगी म्हणाली, "तीन-एक, एकतीस. लाईन क्लिअर, ताई."

मग मी आकडा टाकला.