कदमांच्या आईचे डिंकाचे लाडू

बाळंतिणीच्या घरी रिकाम्या हातानं जाऊ नये, हे सगळ्यांना माहीत असतं. काय घेऊन जावं, हे मात्र कुणालाच माहीत नसतं! आमच्या खात्यातले निम्मे किस्से या एवढ्याशा अज्ञानातून जन्माला आले. ते कुणी मुद्दाम साठवले नाहीत. दुपारचं जेवण झालं, डोळ्यांवर झापड आली, की एकेक आपोआप वर येतो, आणि मग तो खरंच घडला होता की मी मधल्या काळात स्वप्नात पाहिला, हेही धड सांगता येत नाही.

एकोणीसशे पंचावन्नच्या आसपासची ती वर्षं. पिंपरीत औषधांचा नवा कारखाना उभा राहिला होता आणि आम्ही बाटल्या धुण्याच्या खात्यात होतो. दिवसभर वाफ आणि काचेची किणकिण. ती झोपेतसुद्धा ऐकू यायची. कॉलनीतल्या भिंतींना अजून ओल्या चुन्याचा वास होता. शेवटचं क्वार्टर संपलं की लगेच ज्वारी सुरू व्हायची. थंडीत पवनेवरून धुकं उठलं की सायकलवर पुढे चाललेल्या माणसाचं नुसतं डोकं दिसायचं. आता आठवताना सगळी माणसं मला तशीच दिसतात, डोक्यापुरती.

आम्ही चौघं. चिखलीचा कदम, घरची शेती सांभाळून सायकलवर शिफ्टला येणारा. मालवणकडचा परब. बीडचा शिंदे. आणि मी सदाशिव, नगर जिल्ह्यातला. खात्यात कुणाला मूल झालं की चौघांनी मिळून खाण्याचं काहीतरी न्यायचं, असा आमचा नेम होता. पगारावरून आमच्यात कधी शब्द वाढला नाही. शेपूवरून वाढला!

* * *

पहिलं मूल झालं आमच्या स्टोअरकीपरला. जेवणाच्या सुट्टीत आमची मीटिंग बसली.

"बाजरीची भाकर आन शेपूची भाजी," कदम म्हणाला. "दुसरं काय बी न्हाई."

"बाजरी?" परब दचकलाच. "त्या बायकोक जगवचा आसा मां? मऊ भाताची पेज होयी. वर नारळाचा रस."

शिंदे शांतपणे म्हणाला, "बिब्ब्याची गोडंबी घातल्याबिगर बाळंतीण उठत नसती. आमच्याकडं पाटलाची सून पाचव्या दिवशी दळायला बसली."

मी अळिवाची खीर सुचवली. तिघांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी अळीव परत घेतले.

शेवटी कुणीच मागे हटेना, म्हणून सगळंच न्यायचं ठरलं. पेज, भाकरी, शेपू, गोडंबी, नारळ, खारीक आणि शेवटी मला वाईट वाटू नये म्हणून अळीवसुद्धा! रविवारी सकाळी दोन सायकलींना पिशव्या लटकवून आम्ही त्या दारात उभे राहिलो. स्टोअरकीपरच्या आईनं एकेक डबा उतरवून घेतला. सगळा ओटा भरला. मग कमरेवर हात ठेवून तिनं विचारलं, "बाळंतीण एकच आहे ना रे? की पलटण उतरलीय?"

* * *

दुसऱ्या वेळी परबानं सांगितलं, "आता मी एकटो बघतंय." त्याची बायको गावाला होती. तिच्याकडून त्यानं खास सुकी मुशी मागवली. ही एक मासळी. ती खाल्ली की बाळंतिणीला दूध भरपूर येतं, असं त्यांच्या किनाऱ्यावर सगळे मानतात. पुडकं घेऊन तो कंपनीच्या बसमध्ये चढला. दुसऱ्या स्टॉपपर्यंत त्याच्या पुढच्या दोन आणि मागच्या तीन रांगा रिकाम्या झाल्या!

बाळ देहूरोडच्या एका हेल्परच्या घरी झालं होतं. दार उघडलं हेल्परच्या वडिलांनी. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का. आम्ही तिघं दोन पावलं मागे सरकलो. परब मात्र हसतमुखानं पुडकं पुढे करून उभा!

म्हाताऱ्यानं वास घेतला. परबाकडे पाहिलं. पुन्हा वास घेतला. मग अगदी मायेनं विचारलं, "लांबून आलात का, बाबा?"

"होय, मालवणसून."

"मग बरोबर हाय. इतक्या लांबून आणल्यावर कायबी नासणारच. बसा तुमी, च्या घ्या."

पुडकं त्यांनी स्वतःच्या हातानं मागच्या परड्यात नेऊन पुरलं. परत येताना परब बसच्या खिडकीबाहेर बघत बसला. चिंचवड आल्यावर एवढंच म्हणाला, "नासलेली नव्हती हां ती."

* * *

यानंतर आमचं भांडणच मिटलं, कारण कदमानं डिंकाचे लाडू आणले. पितळी डबा, वर ओलं फडकं. डिंक फुलून असा हलका झालेला, की दातांखाली नुसता आवाज व्हायचा. खारीक, सुंठ, गूळ, सगळं जिथल्या तिथे. परबानंसुद्धा हार मानली.

"कुणी केले रे?"

"आईनं," कदम म्हणाला.

त्या वर्षी खात्यात चार मुलं झाली. चारही घरी कदमांच्या आईचे लाडू गेले. चारही बाळंतिणी लाल टोमॅटोसारख्या झाल्या. एकदा डबा मोठा होता म्हणून तो आणायला मी कदमाबरोबर चिखलीला गेलो. थंडीची सकाळ होती. घरात डिंक तळल्याचा वास एवढा दाटला होता, की उंबऱ्यातच पाय जड झाले. चुलीपुढे त्याची बायको हौसावहिनी एकटीच बसून लाडू वळत होती.

"आई कुठायत? पाया पडतो," मी म्हणालो.

कदम सायकलला डबा बांधत राहिला. वहिनीच म्हणाल्या, "सासूबाई जाऊन सा वर्सं झाली, भाऊजी."

कदमाच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि त्यांना मूल नव्हतं, एवढं मला ठाऊक होतं. पुढचं त्यांनी सांगितलं, अगदी सहज, हात न थांबवता. "माज्या हातचं म्हनलं तर बाळंतिणीला कोन खाऊ घालील? सासूबाईंचं नाव घेतलं की खात्यात. तुमी सांगू नगा कुनाला."

"नाही सांगत," मी म्हणालो. मग त्यांनी गेल्या खेपेच्या बाळंतिणीचं विचारलं. "तिनं खाल्लं का? समदं खाल्लं? पोराला पुरतंय न्हवं?" एकेका घराचं नाव घेऊन त्या विचारत होत्या. त्यातल्या एकाही घरात त्यांचं पाऊल पडलेलं नव्हतं. कुणी बोलावलं नव्हतं आणि त्या गेल्या नव्हत्या. मला तेव्हा फार वाईट वाटलं. पण मी काय केलं? डबा घेतला आणि निघालो.

* * *

एकदा मोठ्या साहेबांच्या बंगल्यावर बाळ झालं. साहेब दिल्लीकडचे. तिथे आमचे लाडू चालतील का, यावर आठवडाभर खल झाला. शेवटी डबा दिला आणि गुरख्यानं आत जाऊ देण्याआधीच पळून आलो.

चौथ्या दिवशी साहेब स्वतः खात्यात हजर! मशीन बंद. सगळे अटेन्शनमध्ये. साहेब सरळ कदमापाशी आले आणि हळूच म्हणाले, "वो लड्डू... और हैं क्या?"

"मेमसाहेबांना आवडले?" कदमानं विचारलं.

साहेब इकडेतिकडे बघत म्हणाले, "उसको अभी मिले नहीं।"

वीस लाडू एकट्यानं! दुसरा डबा गेला. मग साहेबांचं टाइप केलेलं पत्र आलं, इंग्रजीत, 'कदम यांच्या पूज्य मातोश्रींस'. ते वाचून दाखवायला मी चिखलीला गेलो. आपल्या हातांना देवानं गुण दिला आहे, वगैरे बरंच होतं. वहिनींनी पदराला हात पुसले, पत्र घेतलं, उलटसुलट करून पाहिलं.

"सासूबाईंचं नाव झालं," त्या म्हणाल्या. "बरं झालं." आणि आत गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

* * *

पिंपरी कॅम्पातल्या एका सिंधी फिटरला मुलगी झाली, तेव्हा वहिनी बाजाराला म्हणून आमच्याबरोबर आल्या होत्या. बराकींच्या टोकाला लिंबाखाली सायकलींपाशी थांबल्या. "तुमी जाऊन या."

आत फिटरची म्हातारी आई. तिनं आम्हाला खाटेवर बसवलं, पंख्यानं वारा घातला, वेलचीचं गरम दूध पाजलं, आमच्याच डब्यातला एकेक लाडू आमच्या तोंडात कोंबला आणि पाठीवरून हात फिरवत काहीतरी बोलत राहिली. आम्हाला एक अक्षर कळलं नाही. दुपारचं ऊन पत्र्यावरून घरंगळत होतं. आम्ही चारही मोठे बाप्ये गुंगून बसलो. तासाभरानं बाहेर आलो तेव्हा शिंदे म्हणाला, "राव, बाळंत आपणच झालो की काय?"

वहिनी लिंबाखाली उभ्याच होत्या. "पोरगी कशी हाय? जावळ हाय का?" त्यांनी विचारलं.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. दुधाच्या नादात पोरगी कुणी पाहिलीच नव्हती!

* * *

मग आमच्याच घरी पाळणा हलला. माझ्या बायकोला आई नव्हती, म्हणून बाळंतपणाला माझी आई आली. वडील मराठी शाळेत मास्तर. दर तीन वर्षांनी बदली, त्यामुळे आईनं सात गावांत संसार मांडला होता आणि सातही गावांच्या बाळंतिणी न्हाऊमाखू घातल्या होत्या. वडील गेल्यावरही तिचा दरारा कमी झाला नव्हता. तिच्यापुढे डॉक्टरसुद्धा जपून बोलायचा.

कदमाचा डबा आला. आईनं लाडू फोडला, हुंगला, अर्धा खाल्ला.

"कुणी केला?"

"कदमांच्या आईनं," माझी बायको म्हणाली.

"या बाईंना बारशाला घेऊन ये. पाळण्यावरून बाळ त्याच घेतील."

झालं! सुट्टीत आमची मीटिंग बसली. कदमानं परब-शिंद्यांना खरं काय ते सांगून टाकलं. शिंदे म्हणाला, "दुसऱ्या कुणाची तरी आई नेऊ की!" परबाची एक मावशी दापोडीला होती, ती यायला तयार होती. "आन कृती विचारली म्हंजे?" कदमानं विचारलं. मावशीला भातापलीकडे काही येत नव्हतं. मला तर आईपुढे खोटं बोलताना लहानपणापासून उचकी लागते.

बारशाच्या आदल्या दिवशी मी आईला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. एक खडा उचलून बाहेर टाकला.

"मग तिलाच आण," ती म्हणाली.

वहिनी आल्या. हिरवं लुगडं, हातात डबा. सगळ्यांत मागे, उंबऱ्याच्या बाहेरच थांबल्या. खोलीत कॉलनीतल्या पंधरा-वीस बायका, उदाचा धूर, मधोमध फुलांचा पाळणा. दारात मी घुगऱ्यांचं पातेलं घेऊन उभा. आईनं बाळाला उचललं आणि हाक मारली, "हौसा, पलीकडून उभी राहा. बाळ घ्यायला."

वहिनी मागे सरकल्या. "न्हाई आत्याबाई, मी हितंच बरी. दुसऱ्या कुनाला तरी..."

शेजारच्या क्वार्टरमधल्या काकू आईच्या कानाशी लागल्या. तरी सगळ्यांना ऐकू गेलं. "अहो, पहिलं बाळ आहे. लेकुरवाळीच्या हातात द्या की. जिला झालंच नाही तिच्या..."

कदम बाहेर अंगणात होता. त्यानं मान खाली घातली. मीही घातली.

आईनं काकूंकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. बाळाचं अंगडं नीट केलं.

"मग मलाही बाजूला व्हावं लागेल," ती म्हणाली. "मला तरी कुठं झालंय? ह्या सदाशिवची आई चौथ्या दिवशी गेली. तीन महिन्यांचा असताना मास्तरांनी मला लग्न करून आणलं आणि हा माझ्या ओटीत घातला. जगला की. चांगला घोडा झालाय."

उदाचा धूर तेवढा हलत होता. मी एकोणतीस वर्षांचा होतो आणि हे पहिल्यांदा ऐकत होतो.

"ये, हौसा. डबा ठेव खाली. मानेखाली हात धर, हं, असा."

वहिनींनी उंबरा ओलांडला. आईनं पाळण्यावरून बाळ पुढे केलं. "कुणी गोविंद घ्या." वहिनींनी ते घेतलं, छातीशी धरलं. त्यांनी "कुणी गोपाळ घ्या" म्हणून बाळ परत द्यायचं असतं. त्या काही म्हणेनात, बाळही देईनात. आईनं घाई केली नाही. पलीकडून हात पसरून ती तशीच उभी राहिली.

मग तिची नजर माझ्यावर पडली.

"तू काय बघत उभा राहिलास?" ती म्हणाली. "घुगऱ्या वाट. गार होतील."